पाऊस किती पडतो ते नंतर, पाणी कुठं थांबतं ते आधी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तरी सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळ-पठारावरच्या, कितीतरी वाड्या एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघत बसतात. तिकडे मंगळवेढ्याच्या शिवारात वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर. तिथं सप्टेंबरअखेर पेरलेली ज्वारी पुढं चार महिने आभाळातून थेंब न पडताही वाढते, निसवते, हुरड्याला येते आणि फेब्रुवारीत काढणीला लागते. पाचपट पावसात घागर कोरडी आणि पाचव्या हिश्श्याच्या पावसात कणगी भरलेली. हे कोडं पर्जन्यमापकाकडं बघून सुटत नाही. त्यासाठी पायाखाली कुठला दगड आहे, त्यावर माती किती हात आहे आणि जमीन कुणीकडं कलते, हे बघावं लागतं.

मराठी माणसानं मुलखाला नावं दिली तीही असंच बघून. समुद्राकाठची सखल पट्टी ती खलाटी, तिच्या वरचा डोंगराळ भाग वलाटी, मग घाटमाथा, त्याला बिलगून मावळ, आणि त्यापलीकडं ‘देश’. शाळेच्या पुस्तकात देश म्हणजे भारत. कोकणातल्या जुन्या माणसाला विचाराल तर देश म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणारा कोरडा मुलूख. पुढं माणदेश, खानदेश, वऱ्हाड, झाडीपट्टी. नाव बदललं की ताटातलं अन्न बदलतं आणि बहुतेक ठिकाणी घराचं छप्परही बदलतं.

एकाच दगडाचा जिना

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग एकाच जातीच्या दगडावर उभा आहे: काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचत गेले. पश्चिमेला त्यांची जाडी प्रचंड, पूर्वेला विदर्भाकडं जाताना ती कमी होत जाते.

प्रत्येक थराचे ढोबळमानानं दोन भाग पडतात. मधला भाग घट्ट, काळा पाषाण. वरचा भाग वायूचे बुडबुडे अडकून भोकाभोकांचा झालेला. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लवकर झिजतो आणि पाषाण टिकतो, म्हणून सह्याद्रीचा डोंगर दुरून पायऱ्यांसारखा दिसतो: उभा कडा, मग गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा. किल्ले बांधणाऱ्यांनी हे नेमकं हेरलं होतं. तासायची गरज नसलेले कडे त्यांना आयते मिळाले आणि पाण्याची टाकी त्यांनी घट्ट पाषाणात खोदली. भेगा नसलेल्या पाषाणात पाणी झिरपून जात नाही. म्हणून गडाखालच्या गावची विहीर मे महिन्यात आटली तरी वरच्या टाक्यात पाणी सापडतं.

हा सगळा ढीग पश्चिमेला एकदम तुटलेला आणि पूर्वेला हळूहळू उतरता आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सोलापूर साडेचारशेच्या आसपास, नागपूर तीनशेच्या. नद्यांचं नशीब या उतारानं ठरवलं. महाबळेश्वरला उगवणाऱ्या कृष्णेला अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे, पण ती पाठ फिरवून १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरीचंही तसंच. कोकणातल्या सावित्री, वाशिष्ठी मात्र कड्यावरून उतरतात आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळतात. पावसाचं पाणी तिथं जमिनीवर किती वेळ राहतं? फार तर काही तास.

पावसातला फरकही हा कडाच घडवतो. समुद्रावरून आलेला दमट वारा भिंतीला थटून वर चढतो. हवा शंभर मीटर वर गेली की साधारण एका अंशानं थंड होते, बाष्पाचे थेंब होऊ लागले की त्याहून थोडी सावकाश. थंड हवेला बाष्प धरवत नाही, ते कोसळतं. माथा ओलांडून तीच हवा खाली उतरते तेव्हा दर शंभर मीटरला पुन्हा अंशभर तापते आणि तापलेली हवा पाणी सोडायचं नाव घेत नाही. महाबळेश्वरला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि रस्त्यानं तीसेक किलोमीटरवरच्या वाईत सातशेच्या आसपास. आणखी पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या घरात येतो. ढग तेच, वाराही तोच.

सड्यावर पाणी का टिकत नाही

दक्षिण कोकणात बऱ्याच ठिकाणी बेसाल्ट वरून दिसत नाही. लाखो वर्षांच्या पावसा-उन्हानं तो कुजून त्याचा लालसर, सच्छिद्र जांभा झाला. जांभ्याची सपाट, उघडी पठारं म्हणजे सडा. पावसाळ्यात चार महिने रानफुलं, आणि नंतर आठ महिने अंडं भाजेल असा कातळ. याच सड्यांवर रत्नागिरी-राजापूर भागात प्राचीन कातळशिल्पं कोरलेली सापडतात.

जांभ्यात बोटभर ते हातभर रुंदीची भोकं आणि नळ्या असतात. पडलेलं पाणी त्यातून सरळ खाली जातं. काही मीटर खाली पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर लागतो. तिथं पाणी अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, उताराच्या कुशीत झरा म्हणून बाहेर पडतं. जुन्या वाड्या, बागा आणि देवळं तुम्हाला नेमकी याच कुशीत दिसतील. नंतर रस्ते सड्यावरून गेले, घरं रस्त्याच्या मागं वर सरकली, पाणी मात्र खालीच राहिलं. टँकरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी एवढीच आहे.

म्हणून कोकणात पाण्याचं काम करायचं तर आधी झरा शोधायचा, मग त्याच्या वरचा सडा सांभाळायचा. जांभ्याची चिरेखाण झऱ्याच्या डोक्यावर निघाली की पाण्याचा मार्गच कापला जातो. सड्यावर शेततळं खोदायचं असेल तर तळाला जाड प्लॅस्टिक हवंच. नुसत्या जांभ्यात भरलेलं पाणी पाहता पाहता गायब होतं. ओढ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा स्वस्त आणि उपयोगी. तो फसतो तो एकाच कारणानं: गोण्या सरळ वाळूवर रचतात. पाणी खालून वाट काढतं आणि आठवड्याभरात बंधारा कोरडा उभा दिसतो. आधी वाळू-गोटे उपसून घट्ट तळ गाठायचा, दोन्ही काठांत गोण्या हात-दीड हात आत घुसवायच्या, आणि सांधे चिखलानं लिंपायचे.

पाणी न धरण्याचा हाच दोष दोन धंद्यांना मात्र गुण ठरला. खाणीतून काढलेला जांभा ओला असताना मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो. हवा लागली की कडक होतो. त्याचे चिरे कोकणातल्या घरांना, गडग्यांना, विहिरींना लागतात. दुसरा धंदा हापूसचा. आंब्याला पाय पाण्यात बुडालेले चालत नाहीत, आणि मोहोर यायला थंडीबरोबर मुळांना थोडा ताण लागतो. कातळ हे दोन्ही फुकट देतो. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा फोडायचा, बाहेरून आणलेली माती आणि शेणखत भरायचं, दहा मीटरवर एक याप्रमाणे हेक्टरी शंभर कलमं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, पुढं मुळं भेगांतून आपली वाट काढतात. खड्डा चहूबाजूंनी अखंड कातळात बसला आणि निचऱ्याला भेगच नसली तर त्याचं टाकं होतं आणि पहिल्या पावसाळ्यात कलम कुजतं. खड्ड्यात पाणी ओतून ते दुसऱ्या दिवशी उतरलं का, एवढं बघितलं तरी पुरतं.

उघाडीचं दार

खलाटीत प्रश्न उलटा. तिथं पाणी आहे, पण खारं. खाडीकाठची सखल जमीन बांध घालून भरतीपासून सोडवायची, ती खारभूमी. गोव्यात तिलाच खाजन म्हणतात. सगळी करामत बांधातल्या दारात असते. रायगडकडं त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस.

हे लाकडी फळीचं दार वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेलं असतं आणि फक्त खाडीच्या बाजूला उघडतं. भरती आली की खाडीचं पाणी दाराला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर जास्त होतो, दार आपोआप उघडतं आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. माणूस नाही, मोटर नाही. दिवसातून दोनदा चंद्रच दार उघडतो आणि लावतो.

बिघडतं ते क्षुल्लक कारणानं. फळीत ओंडका किंवा प्लॅस्टिक अडकलं की दार पुरतं मिटत नाही. खेकड्यांनी बांधात बिळं पाडली की त्यातून आधी पाझर, मग धार, आणि उधाणाच्या भरतीला खांड पडते. एकदा खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय भात धड येत नाही. म्हणून बांधाची डागडुजी गावानं मिळून करायची असते. एकाचा बांध फुटला तर सगळ्यांचं शेत खारं होतं, त्यामुळं हिशेबही सगळ्यांचा. पेरणीही इथं वेगळी: पावसानं वरचा क्षार खाली गेल्यावर मोड आलेलं बी चिखलात फोकतात, त्याला रहू म्हणतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढलेल्या ‘पनवेल’ नावाच्या भातजाती क्षार बऱ्यापैकी सोसतात. आणि उघाडीच्या आतल्या तळ्यांत वाढलेला जिताडा मासा हे या जमिनीचं दुसरं पीक, ज्याची किंमत अलिबागकराला सांगावी लागत नाही.

उतारावरचं जिणं

खलाटीतून वर निघालं की सपाट जागा संपते. दोन डोंगरांमधल्या घळीत बांध घालून भाताची खाचरं आणि उतारावर वरकस जमीन, जिथं नाचणी-वरी घेऊन काही वर्षं पड टाकतात. भाताच्या रोपासाठी राब भाजतात: उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं आग, म्हणजे ती सावकाश धुमसते. उष्णतेनं तणाचं बी मरतं आणि राख आयती मिळते. दहा गुंठ्यांच्या रोपवाटिकेतलं रोप हेक्टरभर लावणीला पुरतं. राबासाठी झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटल्या गेल्या की वरचा डोंगर मात्र बोडका होत जातो, आणि त्याची किंमत उतारावरची माती भरते.

माती घसरण्याचं गणित इथं सांगायलाच हवं. उभ्या उतारावर, घट्ट पाषाणाच्या पाठीवर कुजलेल्या मुरमाचा आणि मातीचा काही मीटरचा थर बसलेला असतो. सलग पावसात पाणी त्यातून झिरपतं, पाषाणावर अडतं आणि मधल्या फटींत दाब वाढतो. एका क्षणी माती पाण्यावर तरंगल्यासारखी होऊन निसटते. दरडीखाली गेलेल्या वस्त्या आठवा: माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत हा योगायोग नव्हे. तोवर थर तुडुंब भरलेला असतो आणि मग एक मोठी झड पुरते. आधी खुणा दिसू शकतात: वस्तीच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी भेग, कललेले खांब आणि झाडं, अचानक अडकायला लागलेली दारं, नितळ झरा एकाएकी गढूळ होणं किंवा थांबणं. भेग दिसली तर तिच्यात पाणी शिरू नये म्हणून चिकणमातीनं बुजवायची, वरून येणारं पाणी नाली काढून बाजूला वळवायचं, आणि झड लागलेल्या रात्री त्या घरात झोपायचं नाही.

याच उभ्या कड्यानं मुंबईला वीज दिली. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडून १९१५ साली टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. पुढं कोयनेनं तेच मोठ्या प्रमाणावर केलं: पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून पोफळीकडं खाली उतरवलं. प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं. देशावरचा दुष्काळी शेतकरी त्याकडं बघून हळहळतो, आणि ‘आमचं पाणी परत द्या’ हा वाद अजून मिटलेला नाही.

जनावरंही उतारानं घडवली. इगतपुरी आणि अकोले तालुक्याकडच्या (विदर्भातलं अकोला नव्हे) डांगी गुरांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळं धो-धो पावसात ती चिखलणी करू शकतात, आणि खूरही टणक. माणदेशातली खिलार चपळ, काटक आणि कमी चाऱ्यावर निभावणारी. खिलार घाटमाथ्यावर आणा, पहिल्याच पावसाळ्यात हाल. दख्खनी मेंढीचंही तसंच. ओल्यात तिचे खूर सडतात. म्हणून धनगरांचे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, भाताच्या रिकाम्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या आधी पुन्हा देशावर. कोकणाला खत हवं आणि देशाला चारा. दोघांतला हा जुना व्यवहार घाटाच्या वाटांवर चालत आला.

काळी आणि पांढरी

आता ते मंगळवेढं. बेसाल्ट कोरड्या हवेत झिजला की त्याची काळी चिकणमाती होते. पावसानं ती डोंगरावरून धुपून सखल भागात साचते. म्हणून देशावर डोंगररांगेच्या माथ्यावर वीतभर मुरमाड माळ, मध्ये मध्यम जमीन आणि नदीकडं मीटर-दोन मीटर खोल काळी, असा क्रम सगळीकडं दिसतो. एकाच गावात माळाला बाजरी, हुलगा, मटकी आणि काळीला ज्वारी, हरभरा. सोयरीक ठरवताना ‘रान कुठलं’ हे विचारायचे ते उगाच नाही.

काळ्या मातीचा कण अतिशय बारीक आणि पाणी प्यायला की फुगणारा. मीटरभर खोल काळीत पिकाला घेता येईल असं साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर पावसाइतकं पाणी साठतं. म्हणजे रानच टाकी झालं, आणि तीवर बाष्पीभवन थांबवणारं मातीचंच झाकण. दामाजीपंतांच्या कथेतली दुष्काळात उघडलेली कोठारं मंगळवेढ्याची असावीत, यात जमिनीचा वाटा मोठा.

ही टाकी भरायची कशी? पावसाळ्यात रान मोकळं ठेवून उताराला आडवे सारे (वरंब्यांचे लांब वाफे) पाडायचे, म्हणजे पाणी न पळता मुरतं. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा काळ. त्याआधी पेरलं तर खोडमाशी पोंगे खाते, उशीर झाला तर वरची ओल उडते. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघायला मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा: फुटला तर वाफसा आहे, चापट होऊन बसला तर अजून थांबा. ओळीत दीड फूट अंतर, एकरी चार किलो बी, बोटभर खोल. मालदांडी ३५-१ अजून लोकांच्या तोंडी आहे, पण जमिनीची खोली बघून वाण निवडावं हे बरं: वीत-दीड वीत माती असेल तर फुले अनुराधा, दोन फुटांच्या आसपास फुले सुचित्रा, त्याहून खोल काळीला फुले वसुधा.

मग कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवणं. काळी सुकली की आकसते आणि भेगाळते. भेगा मीटरभर खोल जातात आणि टाकीतलं पाणी त्यातून वाफ होऊन निघून जातं. पेरणीनंतर तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात कोळपं, आणि आठव्याला दातेरी कोळपं, फक्त भेगा बुजवायला. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात ते याचसाठी. तण नाही म्हणून शेवटची कोळपणी टाळणाऱ्याचं कणीस दाणा भरताना वाळतं.

फुगण्या-आकसण्याचा हा स्वभाव घराला मानवत नाही. म्हणून गावाचे जुने दोनच भाग: शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीवर घर बांधलं की पावसाळ्यात पाया उचलतो, उन्हाळ्यात बसतो, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. आज गावठाण अपुरं पडल्यावर लोक काळीवरच प्लॉट घेतात. तसं करायचंच तर काळी माती पूर्ण काढून मुरमापर्यंत जायचं, मुरूम वीतभर थरांत पाणी मारून कुटायचा, आणि घराभोवती फूट-दोन फूट नव्हे तर चांगला मीटरभर पक्का ओटा करायचा, म्हणजे पायाजवळची माती ओली-सुकी होत नाही.

या जमिनीचा दुसरा शत्रू म्हणजे जास्तीचं पाणी. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडं खोल काळीत उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलं. निचरा नाही, खालची पातळी मीटरभरावर आली, आणि वात तेल ओढते तसं पाणी वर चढून क्षार पृष्ठभागावर सोडू लागलं. पांढरी पापुद्री दिसली तर जमीन क्षारपड. पाणी साचून गढूळच राहतं, निवळत नाही, आणि सुकल्यावर ढेकूळ दगडासारखं, तर चोपण. चोपणीला जिप्सम लागतं, नुसत्या क्षारपडीला नाही. आणि निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. उपाय सच्छिद्र पाइपांचा: मीटर-सव्वा मीटर खोल, जमिनीप्रमाणे वीस ते तीस मीटर अंतरावर. पण पाइप जिथं सुटतात तो ओढाच गाळानं भरलेला असेल तर पाणी जाणार कुठं? एकट्या शेतकऱ्याचं हे काम नव्हे, ओढ्यापासून सुरुवात करून ओळीनं सगळ्यांनी करायचं.

विहीर आणि बोअर

देशावरची विहीर सहा-सात परस (एक परस म्हणजे पुरुषभर उंची) गेली की बहुधा संपते. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि फुटका पाषाण, पाणी यांच्यातच. बेसाल्टच्या या थरांत शंभर घनमीटर दगडातून जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी निघतं. दोन टक्के धरले तर दहा सेंटिमीटर पाणी मुरलं की पातळी पाच मीटर वर येते. चांगल्या पावसात विहीर तुडुंब होते ती यामुळं, आणि शेजाऱ्यानं दोन महिने मोटर चालवली की रिकामी होते तीही यामुळंच. भरलेली विहीर म्हणजे भरलेला साठा, हा गैरसमज अनेकांना महागात पडतो.

म्हणून पाचशे-सातशे फूट बोअर मारणं हा बहुतेक वेळा जुगार. खाली घट्ट पाषाण, त्यात क्वचित एखादी भेग. लागलं तरी अनेकदा ते वरच्या थरातलंच पाणी बोअरमधून खाली घसरलेलं असतं. तुमची बोअर चालते आणि वाडीतल्या चार विहिरी आटतात. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला यापेक्षा ओढ्याच्या काठावर कुठला थर उघडा पडलाय, हे बघणं जास्त भरवशाचं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केल्या आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवली. पाणी अडवण्याइतकंच ते मोजून वापरल्यानं गाव तरलं.

अडवायचं कामही माथ्याकडून पायथ्याकडं. वरती ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर, माती खालच्या अंगाला. मग ओढ्यात दगडी बांध. शेवटी मोठा बंधारा. उलट केलं तर दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो. चर नुसत्या नजरेनं आखला की हमखास एका टोकाला उतार राहतो, पाणी तिकडं धावतं आणि तिथूनच घळ पडते. ए-फ्रेम (इंग्रजी ‘A’च्या आकाराची, समपातळी दाखवणारी चौकट) किंवा पाण्याची नळी घेऊन रेषा मारायची. आणि नाला खोल करताना मुरमाखालचा मांजऱ्याही कापला तर काठच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरून वाहून जातं. खोलीकरणानंतर विहिरी लवकर आटल्या, अशी तक्रार कुठं असली तर आधी हेच तपासायचं.

खानदेश, वऱ्हाड आणि झाडीपट्टी

तापी-पूर्णेचा पट्टा या नियमाला अपवाद. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या मधली जमीन खचून तयार झालेल्या दरीत नद्या पश्चिमेला वाहतात आणि शेकडो फूट गाळ साचलेला आहे. इथं खोल बोअरला पाणी लागतं, त्यावरच रावेर-यावलची केळी उभी राहिली. या पाण्याचा भरणा सातपुड्याच्या पायथ्याशी, गोट्या-वाळूच्या पट्ट्यात होतो. उपसा त्याच्या पुढं गेल्यानं पातळी वर्षानुवर्षं खाली चालली आहे. त्याच दरीच्या पूर्व टोकाला, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, गाळ आहे, पाणीही आहे, पण खारं. ते पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. त्यामुळं शेतकरी पावसावरचा कापूस आणि ओलीवरचा हरभरा यांतच फिरतो.

भंडारा-गोंदियापासून पुढं बेसाल्ट संपतो आणि त्याहून फार जुने, स्फटिकी खडक लागतात. पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन लाटेसारखी उंचसखल, खडकात मुरायला जागा कमी. इथं विहिरीपेक्षा तलाव शहाणपणाचा. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उताराच्या अरुंद जागा हेरून मातीच्या पाळी घातल्या, नवेगावबांध त्यातलाच. वरचा तलाव भरला की सांडवा खालच्या तलावात, त्याखाली बोडी (छोटं तळं), त्याखाली धानाच्या बांध्या. पाण्यावर धान, पाण्यात ढिवरांची मासेमारी, आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावर भाजीपाला. १९५० च्या सुमारास मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडं आले, आणि पाळीवर उगवलेलं झाड कुणी तोडायचं हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याची मुळं पाळ फोडतात.

आता या तलावांतला गाळ काढायची कामं निघतात. ती करताना जेसीबी किती खोल जातो इकडं लक्ष हवं. वरचा काळपट, मऊ गाळ शेतात न्यायचा. त्याखाली दाबून बसलेली पिवळसर चिकणमाती लागली की थांबायचं. तो थर खरवडला तर तलाव पावसाळ्यात भरतो आणि दिवाळीपर्यंत गळून जातो.